घरी बांधलेल्या मॉड्युलर सिंथेसायझरचा सूर टिकत नाही. दोष डाखाचा की सर्किटचा?

प्रश्न: खानापूरकर

सर्वांना सविनय नमस्कार.

मी खानापूरचा. कामासाठी रोज बेळगावला जातो आणि गेले आठ महिने रात्री जेवणानंतर मॉड्युलर सिंथेसायझर बांधण्यात गुंतलेला असतो. या वाद्यात ध्वनी निर्माण करणारा ऑसिलेटर, त्याचा पोत बदलणारा फिल्टर आणि आवाज कमी-जास्त करणारा अँप्लिफायर असे सगळे भाग सुटे असतात आणि लहान केबलींनी ते हवे तसे जोडायचे असतात. जर्मनीच्या डिटर डेप्फर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेले युरोरॅकचे माप मी धरले आहे. म्हणजे पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, वीजपुरवठा अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचा, आणि नियंत्रणाचा व्होल्टेज एकाने वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर जायला हवा. पॅनेलसाठी उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून २ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमचे उरलेले तुकडे मिळाले. रेझिस्टर, कंडेन्सर, आयसी यांपैकी काही बेळगावात आणि काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले.

वीजपुरवठ्यासाठी १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे ७८१२ आणि ७९१२ हे नियामक (रेग्युलेटर) वापरले आहेत. ऑसिलेटर व्हेरो बोर्डवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या असलेल्या छिद्रांच्या फळीवर, बांधला असून त्यात टीएल०७२ हा ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणारा) आयसी आणि बीसी५४७ चे दोन ट्रान्झिस्टर आहेत. वाद्य वाजते, परंतु तीन तक्रारींनी मला अक्षरशः हैराण केले आहे.

पहिली तक्रार सुराची. सकाळी सहा वाजता मी आईच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या काळी एकच्या षड्जाशी ऑसिलेटर जुळवतो आणि चहा घेऊन परत येईपर्यंत तो कोमल ऋषभाच्याही पुढे चढलेला असतो. गंमत म्हणून त्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एकावर बोट टेकवले तर सूर सरसर वर गेला, दुसऱ्यावर टेकवले तर तितकाच खाली आला. दुसरी तक्रार घरघरीची. दुपारी ती जवळजवळ ऐकू येत नाही, मात्र संध्याकाळी सहानंतर एक जाडसर गुणगुण सगळ्या आवाजाखाली सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास आपोआप विरते. तिसरी तक्रार अशी की जॅकमध्ये केबल घालताना पॅनेल थोडे दबले की आवाज तुटतो आणि बोट काढले की परत येतो.

सोल्डरिंगसाठी २५ वॅटची साधी गन आहे. दुकानदाराने तारेबरोबर पेस्टची एक डबी दिली होती, तीच लावून सगळे जोड केले. आता भिंगातून पाहिले तर बरेचसे जोड पांढुरके, दाणेदार आणि गोळ्यासारखे दिसतात, आणि पावसाळ्यानंतर काही पायांवर हिरवट थर आला आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, हे ज्यांनी जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

माझा प्रश्न असा आहे की सगळे जोड काढून पुन्हा करावेत, तापमान ठरवता येईल अशी गन घ्यावी, की मुळात हे सर्किटच सोडून सीईएम३३४० सारखा तयार ऑसिलेटरचा आयसी वापरावा? आठ महिन्यांची मेहनत आहे, त्यामुळे मोडण्याआधी जाणत्यांना विचारावेसे वाटले.

उत्तर: शहापूर_रेडिओदुरुस्ती

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ४० वर्षे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेल्यामुळे एवढे खात्रीने सांगतो की सगळे जोड उपसून काढू नका. व्हेरो बोर्डाची तांब्याची पट्टी वारंवार तापवली की फळीपासून सुटते, आणि मग आज जेथे दोष नाही तेथेही दोष निर्माण होतो. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. सुराबद्दल माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत, म्हणून मी उरलेल्या दोहोंबद्दल लिहितो.

आधी डाखाबद्दल, म्हणजे सोल्डरबद्दल. आपल्याकडे पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा, त्याचे काम ज्यांनी बसून पाहिले असेल त्यांना डाख वेगळा शिकवावा लागत नाही. तो आधी भांडे तापवतो, नवसागराने त्याचे अंग स्वच्छ करतो आणि मगच कथील लावतो. कथील पसरते ते भांड्याच्या उष्णतेने. आपल्या कामातही गनचे टोक तांब्याच्या पट्टीला आणि रेझिस्टरच्या पायाला एकाच वेळी टेकवायचे, साधारण दोन सेकंद थांबायचे आणि मग तार टोकाला न लावता टोकाच्या समोरच्या बाजूने जोडाला लावायची. जोड पुरेसा तापला असेल तर डाख पाण्यासारखा ओढला जाऊन पायाभोवती लहान शंकूचा आकार घेतो आणि थिजल्यावर चमकतो. तुम्ही बहुधा तार गनच्या टोकावर वितळवून तो थेंब जोडावर ठेवत आहात. तसे केले की थेंब वर बसतो, खाली धातूशी त्याची गाठ पडत नाही आणि तुम्ही वर्णन केलेला पांढुरका गोळा तयार होतो. कन्नडमध्ये याला बेसुगे म्हणतात. माझे गुरू दोन्ही भाषांत एकच सांगायचे की काम आधी तापले पाहिजे, डाख मागून आला पाहिजे.

मात्र कल्हईची तुलना येथेच थांबते, कारण नवसागर किंवा झिंक क्लोराइड असलेली पेस्ट इलेक्ट्रॉनिक्समध्ये कधीही वापरू नये. ती पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची असते. तिचा अवशेष हवेतील ओल ओढून घेतो, तांबे खातो आणि दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये वीज झिरपण्याची वाट करून देतो. तुमच्या पायांवरील हिरवट थर पाहता डबीतील पेस्ट त्याच जातीची असावी. सगळे आयसी सॉकेटमधून काढा, बोर्ड कोमट पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासून धुवा, पॉटमध्ये (कळ फिरवून रोध बदलणाऱ्या भागात) पाणी शिरणार नाही याची काळजी घ्या, नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुन्हा पुसा आणि दिवसभर उन्हात वाळू द्या. पुढच्या कामासाठी ज्या तारेच्या पोटातच राळ असते अशी ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली ०.८ मिलिमीटरची तार घ्या. हे मिश्रण १८३ अंशांवर एकदम वितळते आणि एकदम थिजते. मधली लापशीसारखी अवस्था नसल्यामुळे जोड थिजताना हलून कच्चा राहण्याची शक्यता कमी असते. २५ वॅटची गन या कामाला पुरते. तापमान ठरवता येणारी गन घेतलीत तर ती ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. शिसे असल्यामुळे काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि राळेचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकीजवळ बसायचे.

पॅनेल दाबल्यावर आवाज तुटतो याचे कारण तुम्ही पॉट आणि जॅक आधी बोर्डावर डाखून मग पॅनेलचे नट आवळले, हे असावे. छिद्रे आणि जॅक केसाएवढे जरी एकमेकांशी जुळत नसले तरी नट आवळताना सगळा ताण जोडावर येतो आणि जोडात पायाभोवती गोल, बारीक तडा जातो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सगळे नट सैल करा, पॉट-जॅकचे जोड एकेक करून पुन्हा तापवून त्यांना नवी तार द्या, ते सैल असतानाच पॅनेलवर बसवून नट आवळा आणि मग शेवटी प्रत्येक जोड आणखी एकदा वितळू द्या म्हणजे उरलेला ताण निघून जाईल. यानंतरचे कोणतेही मॉड्यूल करताना आधी पॅनेलवर आवळायचे आणि मग डाखायचे, हा क्रम सोडू नका.

आता घरघर. संध्याकाळी सुरू होते आणि रात्री विरते, हे तुम्ही लिहिले नसते तर मी तुम्हाला कंडेन्सर बदलायला सांगून मोकळा झालो असतो. त्या वेळी घरातील व्होल्टेज मोजा. आपल्या भागात उसाच्या मळ्यातले पंप सुरू झाले, घरोघरी दिवे लागले की २३० चे २०० किंवा त्याहूनही कमी होणे नवे नाही. आता हिशेब पाहा. १२ व्होल्टच्या गुंडाळीचा शिखर व्होल्टेज साधारण १७ असतो, डायोडमध्ये ०.७ जातो, म्हणजे उरतात १६.३. तुमचे मॉड्यूल २०० मिलिअँपिअर घेत असतील आणि फिल्टरचा कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरडचा असेल तर दोन शिखरांच्या मध्ये सुमारे ०.९ व्होल्टची दरी पडते, म्हणजे तळ १५.४ वर. ७८१२ ला १२ व्होल्ट स्थिर देण्यासाठी आत किमान १४ च्या आसपास लागतात, त्यामुळे दुपारी सगळे ठीक चालते. परंतु घरचा व्होल्टेज २०० वर आला की तोच तळ १३.२ च्या जवळ जातो, नियामकाला टेकू उरत नाही आणि सेकंदाला १०० वेळा पडणारी ती दरी थेट तुमच्या १२ व्होल्टवर उमटते. तीच ती गुणगुण. १२-०-१२ च्या जागी १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर बसवा. १८० व्होल्टलासुद्धा तळ १५ च्या आसपास राहील. दुपारच्या पूर्ण व्होल्टेजला नियामक अधिक तापतील म्हणून दोघांना हीटसिंक द्या, आणि कंडेन्सर ३५ व्होल्टचेच घ्या.

हीटसिंक लावताना एक गोष्ट कृपा करून विसरू नका. ७८१२ चे पाय आत-सामाईक-बाहेर असे असतात आणि ७९१२ चे सामाईक-आत-बाहेर असे. ७८१२ ची धातूची पाठ सामाईक टोकाला जोडलेली असते, तर ७९१२ ची पाठ आत येणाऱ्या उणे व्होल्टेजला. दोघांना एकाच पट्टीवर अभ्रकाच्या चकतीशिवाय आवळले तर सरळ शॉर्ट होतो. ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूला फ्यूज असावा, उघडी टोके स्लीव्हने झाकलेली असावीत आणि झाकण उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेला असावा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

उत्तर: निपाणी_पदार्थविज्ञान

शहापूरच्या काकांनी वीजपुरवठ्याचा जो हिशेब मांडला आहे तो मी उद्या वर्गात फळ्यावर मांडणार आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि स्वतः दोन ऑसिलेटर बांधले आहेत, म्हणून सुराच्या तक्रारीबद्दल लिहिते.

बोट टेकवल्यावर एका ट्रान्झिस्टरने सूर चढतो आणि दुसऱ्याने उतरतो, या निरीक्षणातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपला कान सप्तके मोजतो आणि प्रत्येक सप्तकाला कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणून एक-एक व्होल्टच्या सारख्या पायऱ्यांचे दुप्पट-दुप्पट वाढणाऱ्या प्रवाहात रूपांतर करावे लागते. हे काम ट्रान्झिस्टर त्याच्या जन्मजात गुणाने करतो. त्याच्या बेस आणि एमिटरमधील व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने वाढवला की त्यातला प्रवाह दुप्पट होतो. अडचण अशी की तापमान एका अंशाने वाढले की तेवढाच प्रवाह वाहण्यासाठी त्याला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी पुरतात. १८ मिलिव्होल्ट म्हणजे एक सप्तक, तर २ मिलिव्होल्ट म्हणजे सप्तकाचा नववा भाग. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर हे १३३ सेंट झाले. एका अंशाला एका अर्धस्वराहून अधिक! सकाळच्या गारव्यात जुळवलेला षड्ज चहा होईपर्यंत कोमल ऋषभाच्या पुढे जातो, याचे आश्चर्य वाटायला नको.

यावर उपाय म्हणूनच तेथे दोन ट्रान्झिस्टर ठेवलेले असतात. पहिला ठरावीक प्रवाहाने चालतो आणि तापमानामुळे त्याच्यात जो बदल होतो तोच दुसऱ्यातून वजा होतो. मात्र ही वजाबाकी दोघांचे तापमान तंतोतंत सारखे असेल तरच होते. तुमचे दोन बीसी५४७ एकमेकांपासून दूर उभे असणार आणि त्यांतला दुसरा, म्हणजे ज्याला हात लावल्यावर सूर चढतो तो, वीजपुरवठ्याच्या हीटसिंकच्या बाजूला असणार. डबा तापू लागला की तो आधी तापतो आणि सूर चढतो.

म्हणून असे करा. वीस-पंचवीस बीसी५४७ आणा, मल्टिमीटरच्या डायोड मापनावर प्रत्येकाचा बेस-एमिटर व्होल्टेज मोजून चिठ्ठीवर लिहा आणि एका मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नसलेली जोडी निवडा. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका, नाहीतर तुम्ही स्वतःच्या हाताची ऊब मोजाल; चिमट्याने लावा, पंखा बंद करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. निवडलेल्या दोघांचे सपाट चेहरे समोरासमोर चिकटवा, त्यांच्याभोवती तांब्याची पातळ पट्टी घट्ट गुंडाळा आणि वरून हीटश्रिंक नळी चढवा. चेहरे समोरासमोर आल्यामुळे दोघांच्या पायांचा क्रम एकमेकांच्या उलट होतो, तो बोर्डावर बसवताना नीट तपासा. कोणी बीसी५४७ च्या जागी २एन३९०४ सुचवले तर लक्षात ठेवा, त्यात कलेक्टर आणि एमिटर यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. शिवाय ही जोडी वीजपुरवठ्यापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्या.

ऑसिलेटरमध्ये जो लहान कंडेन्सर भरतो आणि रिकामा होतो, तो साधा सिरॅमिक चकतीचा असेल तर तोही बदला. त्याची धारकता तापमानाबरोबर हलते. तेथे पॉलिस्टायरिनचा किंवा एनपी० जातीचा सिरॅमिक हवा. त्याच्याभोवती पेस्टचा अवशेष राहिला असेल तर ओल्या हवेत त्यातून प्रवाह झिरपतो आणि खर्जाचे सूर आधी बिघडतात, कारण तेथे मुळात प्रवाहच अत्यल्प असतो. म्हणून काकांनी सांगितलेली धुलाई आधी करा.

सीईएम३३४० किंवा त्याच्याच धर्तीवर आज बनणारा एएस३३४० यांच्यात ही तापमानाची भरपाई आतच केलेली असते आणि तो मार्ग चांगलाच आहे. परंतु तुम्ही बांधलेले सर्किट चुकीचे नाही. ते दुरुस्त करण्याआधी सोडून दिले तर पुढच्या फिल्टरमध्ये तोच ट्रान्झिस्टर पुन्हा समोर येईल.

उत्तर: पेटीवादक_टिळकवाडी

मी हार्मोनियम वाजवतो आणि दुरुस्तही करतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझी गती नाही, पण सूर जुळवण्याबद्दल थोडे सांगू शकतो. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या पेटीने ज्या गावाचे कान तयार केले, तेथे एवढे तरी सांगता आले पाहिजे.

केबलने एक व्होल्ट दिल्यावर सप्तक पूर्ण चढते का, हे मीटरच्या आकड्यावरून ठरवू नका. तंबोरा लावा, खालचा षड्ज जुळवा, मग एक व्होल्ट देऊन वरचा षड्ज ऐका. दोन सूर जवळ आले की आवाजात लाटा उठतात. सेकंदाला दोन लाटा असतील तर दोन कंपनांचा फरक आहे. प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा लहान पॉट) फिरवून लाटा लांबवत न्या, त्या थांबल्या की परत खालच्या षड्जावर या. तो हललेला असेल, तो पुन्हा जुळवा आणि पुन्हा वर जा. चार-पाच फेऱ्यांनंतर दोन्ही टोके धरतील. पेटीच्या स्वरपट्ट्या घासतानाही आम्ही असेच करतो.

ताईंचा लेख वाचून मीही कागदावर आकडेमोड केली. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट असतो, त्याला ०.३२२ व्होल्ट लागतात. पेटीचा समान अंतराचा गंधार ०.३३३ व्होल्टवर येतो. म्हणजे तंबोऱ्याचा गंधार आणि पेटीचा गंधार यांच्यामध्ये अवघे ११ मिलिव्होल्ट आहेत. एखाद्या कच्च्या जोडात एवढा व्होल्टेज सहज हरवत असेल, तर डाखाची एवढी चर्चा का, हे मला आता कळले. पेटीवर आयुष्यभर जो गंधार मला मिळाला नाही तो तुमच्या वाद्यावर नुसती कळ फिरवून मिळतो, याचे फार अप्रूप वाटते.

१९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर काम केले. त्या काळच्या मूगचे ऑसिलेटरही सूर सोडण्यासाठी प्रसिद्ध होते.

प्रश्नकर्त्याचा खुलासा: खानापूरकर

काका, ताई आणि पेटीवादक बुवा, तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवडे लागले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी व्होल्टेज मोजला. संध्याकाळी साडेसातला १९६, रात्री साडेदहाला २२४. काकांनी घर न पाहता सांगितलेले अगदी खरे ठरले. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर त्याच संध्याकाळी हेडफोन कानाला लावून बसलो आणि फक्त रातकिडे ऐकू आले. ७९१२ ला अभ्रकाची चकती लावली आहे. त्याच्या आणि हीटसिंकच्या मध्ये जोड नाही ना, हे वीज देण्याआधी मीटरवर पाहून घेतले.

बोर्ड धुतल्यावर पाणी हिरवट निघाले, तेव्हा फार वाईट वाटले. पॉट-जॅकचे जोड भिंगाखाली एकेक तपासले तर अकरापैकी चार जोडांत काकांनी लिहिल्याप्रमाणे पायाभोवती गोल तडा होता. एका जोडात तर पाय हाताने गोल फिरत होता आणि डाख जागच्या जागी होता. नवी तार लावल्यावर प्रथमच डाख पायाकडे ओढला जाताना पाहिला. तो क्षण मी विसरणार नाही. धाकटी बहीण शेजारी बसली होती, पुढचे सहा जोड तिने केले आणि ते माझ्यापेक्षा चांगले झाले आहेत.

चोवीस बीसी५४७ मोजून त्यांतली जोडी चिकटवली आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. आता बोट टेकवले तर सूर क्षणभर हलतो आणि जागेवर येतो. परंतु एक दोष अजून उरला आहे. सकाळी खोलीत २२ अंश असताना सगळे जुळवले आणि दुपारी २९ अंश झाल्यावर पाहिले, तर खर्जातला षड्ज जवळजवळ जागेवर होता, मात्र त्याच्या दोन सप्तके वरचा षड्ज ५५ सेंटने उतरला होता. जोडी नीट चिकटली नाही का?

उत्तर: निपाणी_पदार्थविज्ञान

जोडी उत्तम चिकटली आहे. आता जे उरले आहे ते सर्किटचे राहिलेले अर्धे काम आहे. सप्तकाला १८ मिलिव्होल्ट हा आकडा २७ अंशांच्या आसपासचा आहे आणि तो निरपेक्ष (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या प्रमाणात, म्हणजे दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के, वाढतो. त्यामुळे दोन ट्रान्झिस्टरांतून ज्या सुराला सारखा प्रवाह जातो तो सूर स्थिर राहतो आणि त्यापासून वर जाल तसतसा सूर दर सप्तकाला, दर अंशाला ४ सेंटने उतरतो. दोन सप्तके आणि सात अंश म्हणजे ५६ सेंट. तुम्ही ५५ मोजलेत. इतके स्वच्छ मापन मला वर्गात क्वचित मिळते.

ट्रान्झिस्टरच्या बेसला मिलिव्होल्टमध्ये व्होल्टेज देणाऱ्या विभाजकात (दोन रेझिस्टरांनी व्होल्टेज कमी करणाऱ्या जोडणीत) खालच्या बाजूला तुमचा १ किलो-ओहमचा साधा रेझिस्टर आहे. त्याच्या जागी तापमानाबरोबर त्याच प्रमाणात वाढणारा रोध हवा. कारखान्यांत तापमान मोजण्यासाठी प्लॅटिनमचे संवेदक वापरतात, त्यांतला पीटी१००० घ्या. तो शून्य अंशाला १००० ओहम असतो आणि दर अंशाला ३.८५ ओहमने वाढतो. त्याच्याशी ओळीत ५१ ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर जोडला की दोघांची बेरीज निरपेक्ष तापमानाच्या जवळजवळ अचूक प्रमाणात चालते. २७ अंशांना ती सुमारे ११५६ ओहम भरते, म्हणून बेरजेच्या ऑप-अँपचा लाभ (गेन) एक असेल तर विभाजकाच्या वरच्या बाजूला ६२ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी ओळीत २ किलो-ओहमचा अनेक फेऱ्यांचा प्रीसेट लावा. पीटी१००० तांब्याच्या पट्टीच्या आत, दोन्ही ट्रान्झिस्टरांना चिकटून बसला पाहिजे आणि त्याचे पाय डाखताना फार वेळ तापवू नका. बसवल्यावर तासभर थांबून, डब्याचे झाकण लावूनच बुवांच्या पद्धतीने दोन्ही षड्ज पहिल्यापासून जुळवा. झाकण काढून जुळवलेला सूर झाकण लावल्यावर पुन्हा हलतो.